तिसरा भाग कुठे अडला आहे आणि दुसऱ्या भागाची पाने का सुटली: आपल्या परीक्षणाला उत्तर

नमस्कार,

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे, की प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे घेतले, आमच्या अद्भुत कादंबरी-मालिकेचा तिसरा भाग दिवाळीला येणार होता तो आला नाही, दुसऱ्या भागाची १४७ ते १५८ ही पाने हातात आली, त्याचे ई-पुस्तक नाही आणि किंमत मात्र ४५० रुपये. आगाऊ पैसे भरलेल्या वाचकाला हे सगळे विचारण्याचा हक्क आहे. म्हणून ‘लवकरच येत आहे’ असे मोघम न सांगता सविस्तर लिहितो.

तिसऱ्या भागाचा पहिला खर्डा पूर्ण आहे. ४१ प्रकरणांपैकी २६ प्रकरणांचे पुनर्लेखन होऊन ती संपादनाला गेली आहेत. काम अडले आहे २७ ते ३३ या सात प्रकरणांत, आणि त्याचे मूळ दुसऱ्या भागाच्या शेवटात आहे. तो भाग ज्येष्ठ वद्य दशमीच्या रात्री संपतो. या मालिकेतली मंत्रविद्या चंद्रकलेवर चालते आणि पात्रांना ज्या खिंडीत पोचायचे आहे तिचे दार उघडते ते फक्त अमावस्येला. दशमीपासून अमावस्या पाच तिथींवर. पण खिंड साठ कोसांवर आहे आणि बरोबर बैलगाड्यांचा तांडा आहे. भरलेली गाडी, बैलांची वैरण-पाणी आणि विसावा धरून, दिवसाला पाच-सहा कोसांच्या वर जात नाही. म्हणजे दहा-बारा दिवस हवेत. अंतराचा उल्लेख गाळून हे निभावून नेता येते, पण पहिल्या भागात नकाशा आहे, त्यावर कोसांचे माप आहे आणि या मालिकेचे वाचक पट्टी लावून मोजतात. त्यांनी मोजावे अशीच आमची इच्छा आहे.

वाटा दोनच होत्या. गाड्या सोडून सगळ्यांना घोड्यांवर घालायचे, तर गाडीतली घंटा मागे राहते आणि तिच्यावाचून शेवटचे प्रकरण उभेच राहत नाही. नाहीतर पुढची अमावस्या धरायची, म्हणजे आषाढ अमावस्या, पस्तीस तिथींनी. ही दुसरी वाट आम्ही घेतली. पण मग मध्ये अख्खा आषाढ येतो. घाटात चाके आसापर्यंत रुततात, नदीला पूर येऊन नावा बंद पडतात, टेकड्यांवर जाळ करून इशारे द्यायची रीत पावसात चालत नाही, ज्या गावांतून माणसे तांड्याला मिळणार ती लावणीत गुंतलेली असतात. आभाळ भरलेले असल्याने चंद्रच दिसत नाही, म्हणून तिथी मोजणारे पात्र तांड्यात हवे. असे पात्र पहिल्या भागात येऊन गेले आहे. त्याला परत आणायचे तर इतकी वर्षे ते कुठे होते याचेही उत्तर द्यावे लागते.

दुसरा भाग छापून वाचकांच्या हातात आहे, तेव्हा त्यातली तिथी आता हलवता येत नाही. जे बदलायचे ते तिसऱ्यातच. त्यासाठी प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर तिथी, चंद्रोदयाचा सुमार, कोण कुठे आहे आणि कोणाजवळ काय आहे हे लिहून मगच मजकूर तपासला जातो. शुद्ध तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसते आणि लवकर मावळते. पहारेकऱ्याने ती पहाटे पाहिली असे एक वाक्य राहून गेले, तरी विद्येचा नियमच खोटा पडतो. अद्भुत कादंबरीत वाचक अशक्य गोष्टी आनंदाने मान्य करतो, पण आपणच घातलेला नियम लेखकाने मोडलेला त्याला चालत नाही, आणि चालू नये.

ही सात आणि त्यापुढची आठ प्रकरणे झाली की संपादन आणि दोन मुद्रितशोधने उरतात. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम नेहमीच्या शब्दांना पुरतात, कल्पित गावांना नाही. ‘विरणे’ गावाला एका पानावर ‘विरण्याला’ आणि दुसऱ्यावर ‘विरणेला’ होऊ नये म्हणून नावांची वेगळी यादी चालवावी लागते. प्रकाशनाची तारीख शेवटच्या प्रुफावर सही झाल्यावरच जाहीर करू. त्याआधी सांगितलेली कोणतीही तारीख हा अंदाज असतो आणि त्यावर आपण पैसे अडकवून ठेवावेत असे आम्हाला वाटत नाही.

ई-पुस्तक का नाही? दुसऱ्या भागाची अक्षरजुळणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात आहे. त्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे रूपांतर करताना ती जोडाक्षरात भलतीकडे जाऊन बसते. ‘र’च्या जोडाक्षरांतही गोंधळ होतो: ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले, तर डोंगरांच्या वर्णनात समुद्र येतो आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काही वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. मंत्रांतले शब्द तर कोणत्याच कोशात नाहीत. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहण्याला पर्याय नाही. ते काम सुरू आहे. ई-पुस्तकाला वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, तो मिळालेला आहे.

किमतीचे थोडक्यात सांगतो. २३ बाय ३६ इंची एका तावात डेमी (सुमारे साडेपाच बाय साडेआठ इंची) आकाराची ३२ पाने बसतात. ३२० पानांच्या पुस्तकाला दहा ताव, हजार प्रतींना २० रिम (एका रिमात ५०० ताव), वाया जाणारा कागद वेगळा. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम) हा कागद सुमारे ३७५ किलो होतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण त्यामुळेच कागद आणि छपाईवर भरलेला कर वळता करून मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. विक्रेत्याचे ४० टक्के गेले की ४५० पैकी २७० उरतात. त्यात कागद, छपाई, बांधणी, संपादन, चित्रकार आणि नकाशा.

पानांचे क्रमांक दिलेत हे फार चांगले केलेत, त्यावरूनच दोष कळला. पुस्तक १६ पानांच्या फॉर्मांत, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या जुडग्यांत, छापले जाते आणि १४५ ते १६० हा दहावा फॉर्म. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे न शिवता डिंकाने केलेल्या बांधणीत, कण्याकडची घडी सुमारे तीन मिलिमीटर खरवडून मग गरम डिंक लावतात. खरवडणे कमी झाले, तर डिंक फक्त बाहेरच्या पानांना धरतो. आपल्या प्रतीत १४५-१४६ आणि १५९-१६० ही पाने जागेवर आहेत आणि मधली बारा पाने, म्हणजे नेमकी डिंक न पोचलेली, सुटली आहेत. हा बांधणीचा दोष आहे, आपल्या हाताळणीचा नाही. तिसऱ्या भागाला फॉर्म दोऱ्याने शिवून मग डिंक लावायचे ठरले आहे. बांधणीचा खर्च वाढेल, पण नोंदणी केलेल्या वाचकांकडून जादा काही घेतले जाणार नाही.

सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नका, ती पिवळी पडते आणि शेजारचा कागद फाडते. प्रत परत पाठवायचीही गरज नाही. त्या पानांचा एक फोटो आणि ऑर्डर क्रमांक आमच्या ईमेलवर पाठवा, नवी प्रत आमच्या खर्चाने येईल. तिसऱ्या भागाचे पैसे परत हवे असतील तर त्याच मेलमध्ये यूपीआय आयडी द्या. पूर्ण ३०० रुपये परत मिळतील, का ते विचारणार नाही, आणि पुस्तक आल्यावर सवलतीचा दर आपल्यासाठी तसाच राहील.

लेखक-प्रकाशक