अधूनमधून बंद पडतो

पूर्णपणे बिघडलेल्या वस्तूबद्दल माझी फारशी तक्रार नसते, कारण ती बिघडली आहे याबाबत निदान सर्वांचे एकमत असते. माझा लॅपटॉप मात्र ‘अधूनमधून’ बंद पडत असे, आणि हा एक शब्द ऐकताच दुरुस्ती करणाऱ्याचा चेहरा कसा पडतो, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच माझे दुःख कळेल. मी लिहीत असे, वाक्य मध्यावर आलेले असे, आणि कोणतीही पूर्वसूचना न देता पडदा काळा होत असे. मी कपाळावर हात मारून घ्यावा, चार सुस्कारे टाकावेत, तोवर स्वारी आपण होऊन उजळावी, पासवर्ड मागावा आणि माझे अर्धे वाक्य जसेच्या तसे परत करावे, असा हा प्रकार दिवसातून कधी एकदा तर कधी सात वेळा चालत असे.

पत्नीचे निदान सर्वांत आधी आले. “माझ्या हातात तर व्यवस्थित चालतो,” ती म्हणाली, आणि दुर्दैवाने ते खरे होते. ती त्यावर तासन्‌तास काम करी आणि तो पापणीही लववत नसे. “तुम्हालाच कंटाळला असेल,” हे तिचे पुढचे वाक्य मी त्या वेळी विनोद म्हणून सोडून दिले.

मग मी भाच्याला फोन केला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे मिक्सरपासून उपग्रहापर्यंत कोणत्याही यंत्राबाबत घरात त्याचा शब्द अंतिम मानला जातो. “मामा, घाई करायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं,” असे त्याने बजावले. मी शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.

पहिला उपचार अगदी साधा होता. चार्जर काढून पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरायचे, म्हणजे आतल्या भागांत साचून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि अडून बसलेले यंत्र पुष्कळदा ताळ्यावर येते. महिन्याभरापूर्वीच घेतलेल्या नव्या घड्याळात पाहत, नाडी बघणाऱ्या वैद्याच्या मुद्रेने मी तंतोतंत तीस सेकंद मोजले. लॅपटॉप सुरू झाला, मी ‘गुण आला’ असे वहीत लिहिले, आणि ते संगणकातही टिपून ठेवावे म्हणून हात कळफलकावर ठेवताच पडदा काळा झाला.

नंतर चार्जरची पाळी आली. त्याच्या पोटावरची मुंगीएवढी अक्षरे भिंगातून वाचून तो 19.5 व्होल्टचा आणि 65 वॉटचा आहे हे मी भाच्याला कळवले, तेव्हा तेवढ्याच क्षमतेचा दुसरा चार्जर लावून पाहा, असा सल्ला मिळाला. काही चार्जरांच्या टोकाशी मधोमध जी बारीक पिन असते ती लॅपटॉपला चार्जरची ओळख पटवून देते, आणि ती वाकली तर लॅपटॉप त्याला ओळख दाखवत नाही, ही माहिती मला फार आवडली. शेजाऱ्यांचा चार्जर आणला. लॅपटॉपने त्याला ओळख दाखवली आणि वीस मिनिटांनी तो बंद पडला. चार्जर काढून केवळ बॅटरीवर चालवला, तरीही पडला.

बॅटरी फुगली आहे का, हे पाहण्यासाठी लॅपटॉप सपाट पृष्ठभागावर ठेवून तो डुगडुगतो का ते बघावे लागते. माझे टेबलच डुगडुगणारे असल्यामुळे ही तपासणी मी फरशीवर पालथा पडून केली. टचपॅड वर उचलले गेलेले नव्हते, तळही सपाट होता. भाच्याने सांगितलेली आज्ञा टंकित केल्यावर संगणकाने बॅटरीचा लांबलचक अहवाल काढून दिला, त्यात तिची मूळ क्षमता 48 वॉट-तास आणि आजची 31 वॉट-तास अशी शेजारी शेजारी छापलेली होती. असा अहवाल माणसांचा निघत नाही हे किती बरे, असे मला वाटून गेले. “क्षमता कमी झाली की लवकर उतरते, पण असा मधेच पडदा काळा होत नाही,” असे सांगून भाच्याने तिला निर्दोष सोडले.

तापमान तर मी लिहीत असताना 58 अंशांच्या पुढे जातच नव्हते, आणि प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी यंत्र बंद करतो ते साधारण शंभरीच्या आसपास गेल्यावर. तरीही पंखा साफ करून घेतला, कारण एव्हाना मला पेचकस चालवण्याची अनावर इच्छा झाली होती.

रॅमचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीचा, प्रसंग मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. भाच्याच्या सूचनेनुसार मी हातातले घड्याळ आणि बोटातली अंगठी काढून ठेवली, स्थिर विद्युत उतरावी म्हणून धातूच्या खिडकीला स्पर्श केला, आणि तळाचे नऊ स्क्रू काढून ज्या जागेचा जो, त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवले. पुढचे दोन स्क्रू आखूड असतात आणि त्यांच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो वरच्या भागाला गळवासारखा फोड आणतो, हे मला आधीच सांगितले गेले होते. बॅटरीची जोडणी सोडवली. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही कडांना असलेल्या चिमुकल्या पकडी नखांनी बाहेर ढकलताच ती टुणकन उडून तिरपी उभी राहिली, आणि तिच्याइतकाच मीही दचकलो. तिच्या काठावरचे सोनेरी संपर्कबिंदू मी शाळकरी खोडरबराने हलक्या हाताने घासले, रबराचा चुरा मऊ कुंचल्याने झटकला, पट्टी त्याच तिरप्या कोनात खाचेत सरकवली आणि खाली दाबली. ‘कट्’ असा जो आवाज झाला, तसा समाधानाचा आवाज मी अलीकडच्या काळात ऐकला नव्हता. बॅटरी पुन्हा जोडली, तळ लावला आणि बटण दाबले. त्या संध्याकाळी मी सलग चार तास लिहीत बसलो आणि लॅपटॉप एकदाही बंद पडला नाही. मी सहा नातेवाइकांना फोन करून रॅम म्हणजे काय, हे समजावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, घड्याळ बांधून, प्रसन्न मनाने कामाला बसलो आणि तिसऱ्या ओळीला पडदा काळा झाला. त्या रात्री रॅमची चाचणी लावून झोपलो. सकाळी त्रुटींची संख्या शून्य होती.

भाच्याने मग बाहेरचा कळफलक जोडून पाहायला सांगितले. लॅपटॉप मागे सरकवून, पुढ्यात नवा कळफलक घेऊन मी दोन दिवस काम केले आणि दोन्ही दिवस काहीही झाले नाही. “सापडलं! आतला कळफलक शॉर्ट होतोय,” असा निकाल लागला. कळफलक बदलण्याचे काम माझ्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे मी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात नेला.

तिथले कारागीर शांत स्वभावाचे होते. त्यांनी एक छापील कार्ड काढले, त्यावरच्या ‘दोषाचे स्वरूप’ या रकान्यात ‘अधूनमधून बंद पडतो’ असे लिहिले आणि विचारले, “बंद पडतो तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “लिहीत असतो.”

त्यांनी लॅपटॉप सुरू केला आणि दोन्ही हातांनी पंधरा मिनिटे त्यावर काहीबाही टंकित केले. डॉक्टरांच्या पायरीवर पाऊल पडताच दाढदुखी थांबावी तसा तो शहाण्यासारखा चालत राहिला. “तुम्ही लिहून दाखवा,” असे ते म्हणाले, तेव्हा मी डाव्या हातातली पिशवी सांभाळत, उजव्या हाताच्या एका बोटाने माझे नाव तीन वेळा लिहिले. काहीही झाले नाही. कारागिरांनी कार्ड खणात ठेवले आणि परत बंद पडला की वेळ टिपून ठेवा, असे सांगून माझी बोळवण केली.

वेळ टिपण्याचे काम लॅपटॉप स्वतःच करत असतो, हे भाच्याला त्यानंतर आठवले. यंत्राच्या अंतर्गत नोंदींमध्ये त्या आठवड्यातल्या सतरा नोंदी सापडल्या, आणि त्यांपैकी एकही बंद पडण्याची नव्हती. सतराही वेळा लॅपटॉप झोपी गेला होता, आणि झोपेचे कारण म्हणून ‘बटण किंवा झाकण’ असे लिहिलेले होते. बटणाला मी हात लावला नव्हता. झाकण तर उघडेच होते, नाहीतर मी लिहीत कसा होतो? झाकण मिटल्याचे ओळखणारा एक संवेदक आत असतो, तो खराब झाला असावा म्हणून तळ पुन्हा उघडण्याचे ठरले. घड्याळ काढून टेबलावर ठेवले, स्क्रू काढले, आणि तिळाएवढ्या शंभरएक तुकड्यांमधून संवेदक कोणता हे न कळल्यामुळे तळ पुन्हा लावायला घेतला, तर स्क्रू आठच भरले.

नवव्या स्क्रूसाठी मी विजेरी घेऊन फरशीचा इंच न्‌ इंच धुंडाळला, चटई झटकली, स्वतःलाही झटकले. शेवटी नाद सोडून घड्याळ मनगटावर चढवू लागलो, तो त्याच्या जाळीदार पट्ट्याच्या टोकाला ते चिमुकले कार्टे लोंबकळत होते. हे मी भाच्याला केवळ गंमत म्हणून सांगितले. फोनवर बराच वेळ शांतता पसरली.

“मामा, त्या पट्ट्याला चुंबक आहे?”

“असणारच. त्याशिवाय तो चिकटेल कसा?”

“आणि घड्याळ कधी घेतलंत?”

मी वहीचे पहिले पान उघडले. घड्याळ आल्यानंतर चौथ्या दिवशी दुखणे सुरू झाले होते.

झाकणाच्या कडेत एक चुंबक असतो आणि खालच्या भागात, तळवे टेकतात तिथे, चुंबकीय क्षेत्र ओळखणारा संवेदक. चुंबक जवळ आला की झाकण मिटले, असा त्याचा समज होतो. त्यामागचा चुंबक आणि विजेचा परिणाम अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी 1879 मध्ये विद्यार्थिदशेत असताना शोधला, ही माहिती भाच्याने नको तितक्या अभिमानाने पुरवली. मी पट्ट्याचे टोक लॅपटॉपच्या डाव्या अंगावरून हळूहळू सरकवत नेले. कडेपासून चार बोटांवर पडदा काळा झाला. हात उचलला आणि तो उजळला. हे मी अकरा वेळा केले, मग पत्नीला करून पाहायचे होते. इतके दिवस मी कपाळावर हात मारत होतो तोच त्यावरचा उपचार होता, आणि मी जर स्थितप्रज्ञ असतो तर लॅपटॉप आजतागायत झोपलेला राहिला असता, हे लक्षात आल्यावर मला त्राग्याबद्दल नव्याने आदर वाटू लागला. रॅमला दिलेले श्रेय मात्र त्या सहा नातेवाइकांकडून मी अजून परत मागितलेले नाही.

दुकानात जाऊन हे सांगणे भाग होते, कारण कार्ड तिथेच होते. कारागिरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, माझ्या मनगटाकडे एकदा पाहिले आणि खणातून कार्ड काढले. ‘अधूनमधून बंद पडतो’ यावर त्यांनी सरळ रेघ ओढली आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरात ‘डावा हात’ असे लिहिले. पुढच्या, ‘बदललेला भाग’ या रकान्यापाशी पेन क्षणभर थबकले, त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले, आणि ‘नाही’ असे लिहून कार्ड माझ्यापुढे सहीसाठी सरकवले.