पावसाचे दिवस दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून

सप्रेम नमस्कार,

बांधकामाचे वेळापत्रक आणि विलंब तपासणाऱ्या संगणकीय प्रणालींवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर हरकत घेतली आहे. कोकणात काम पाऊस, उधाण आणि गणपतीत किंवा शिमग्यात कामावर न येणारे मजूर ठरवतात, प्रायमावेरासारखी प्रणाली आकडे भरणाऱ्याच्याच बाजूने बोलते आणि छोट्या ठेकेदाराला तिचा उपयोग नाही, असे आपले म्हणणे आहे.

पावसाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या मते या प्रणालींची खरी गरज त्यामुळेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीवरच्या एका लहान पुलाचे नियोजन मी पाहत होतो. बेसलाइनमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या मूळ वेळापत्रकात, पात्रातील कामांचे कॅलेंडर (काम कोणत्या दिवशी चालेल ते ठरवणारी दिनदर्शिका) जून ते सप्टेंबर बंदच ठेवलेले होते, तरीही ठेकेदाराने जुलै-ऑगस्टमधील पावसाच्या दिवसांची मुदतवाढ मागितली. ते दिवस वेळापत्रकात आधीच सोडलेले असल्याने अर्ज नामंजूर झाला आणि ते योग्यच होते. मात्र पात्रात यंत्रे उतरवण्यासाठी लागणारी काठावरची जागा त्याला तीन आठवडे उशिरा मिळाली होती, आणि त्याबद्दल त्याने फक्त तीनच आठवडे मागितले होते. मेअखेर संपणारे पायाचे काम त्या उशिरामुळे जूनमध्ये सरकले, तिथे कॅलेंडर बंद असल्याने थेट ऑक्टोबरमध्ये गेले आणि २१ तारखेला संपले, म्हणजे तीन आठवड्यांचे पावणेपाच महिने झाले. नुसत्या बार चार्टवर ही साखळी दिसली नसती. कामांचे परस्परसंबंध आणि कॅलेंडर एकत्र मांडल्यावरच ती दिसली. जे हक्काचे नव्हते ते त्याने मागितले आणि जे हक्काचे होते ते मागायचे राहून गेले, याची मला आजही हळहळ वाटते.

आकडे फिरवता येतात, हे आपले म्हणणे खरे आहे. म्हणूनच दर महिन्याचे अपडेट वेगळी फाइल म्हणून जपावे, असा माझा आग्रह आहे. एका अपडेटमध्ये पिअर कॅपच्या (पुलाच्या खांबाच्या माथ्याच्या) काँक्रीटनंतर गर्डर (तुळया) ठेवण्यापूर्वी थांबायचे २८ दिवस होते, पुढच्यात या दोन कामांना जोडणारा तो दुवाच गायब होता आणि पूर्णत्वाची तारीख मात्र जागच्या जागी होती. दोन फाइलींची तुलना करणाऱ्या प्रणालीने ही गोष्ट एका ओळीत दाखवली. दुवा कोणी व का काढला, हे अर्थातच बैठकीत विचारावे लागले.

पद्धत बदलली की उत्तरही बदलू शकते, हेही मला मान्य आहे. सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या ब्रिटिश संस्थेच्या २०१७ च्या प्रोटोकॉलमध्ये विलंब-विश्लेषणाच्या सहा पद्धती दिल्या आहेत, त्यामुळे कोणती वापरायची हे वाद होण्याआधीच ठरलेले बरे. आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांचे हिंडरन्स रजिस्टर, म्हणजे कामातील अडथळ्यांची नोंदवही, नसेल, तर कोणतीही प्रणाली निरुपयोगी आहे.

राहिला छोट्या ठेकेदाराच्या खर्चाचा प्रश्न. क्रिटिकल पाथचे, म्हणजे प्रकल्पाची अखेरची तारीख ठरवणाऱ्या कामांच्या साखळीचे, गणित १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड यांच्या तज्ज्ञांनी मांडले; चाळीस-पन्नास कामांचा प्रकल्प असेल तर ते कागदावरही सोडवता येते.

आपण ज्या जेट्टीच्या कामाचा उल्लेख केला आहे, तिच्या वेळापत्रकात पाइलिंग (पाण्यात खांब रोवण्याचे काम) आणि शेडचे गिलाव्याचे काम एकाच कॅलेंडरवर आहे का, तेवढे कृपया पाहून कळवावे. तसे असेल, तर मुदतवाढीचा अर्ज लिहिण्याआधी ते वेगळे करून घ्यावे.