छापलं कुणी?

सकाळपासून डोकं फिरलंय. एका व्हिडिओत एक गृहस्थ ठासून सांगतायत की अमेरिकेतलं पहिलं बायबल जॉन एलियट नावाच्या मिशनऱ्यानं छापलं. अहो, त्यानं भाषांतर केलं! तेही तिथल्या स्थानिकांना हाताशी धरून.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला सॅम्युएल ग्रीनचा छापखाना होता. 1659 मध्ये तिथे निपमक जमातीचा एक पोरगा उमेदवारीला लागला, वोवाउस त्याचं नाव. इंग्रजांनी त्याचा जेम्स केला आणि आडनाव म्हणून धंदाच चिकटवला: प्रिंटर. 1663 चं ते बायबल इंग्रजीत नाहीच, तिथल्या मूळ लोकांच्या मॅसॅच्युसेट भाषेत आहे. त्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्यांत हा जेम्स होता.

माझे वडील जुळारी होते. उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भराभर वाचायचे. पुस्तकावर 'मुद्रक' म्हणून नाव मालकाचं. चूक राहिली की मात्र शिव्या जुळाऱ्याला.

जेम्सच्या वाट्याला तर शिव्यांवर भागलं नाही. 1675 ला इंग्रज आणि स्थानिक जमातींत युद्ध पेटलं आणि त्याच्यावर खुनाचा खोटा आळ घेऊन बोस्टनला कोठडीत टाकलं. सुटला, आपल्या लोकांत गेला, 1676 ला माफी मिळाल्यावर परत त्याच ग्रीनकडे. का गेला असेल? वडीलही प्रत्येक दिवाळीत 'सोडतो' म्हणायचे आणि पाडव्यानंतर पुन्हा खिळ्यांच्या खणांसमोर उभे.

बरं, एलियट नसता तर ते पुस्तक झालं नसतं, मान्य. ते या लोकांना ख्रिस्ती करायलाच छापलं होतं, हेही मान्य. पण खुद्द एलियटनं 1683 मध्ये रॉबर्ट बॉइलला (हो, शाळेतल्या वायूच्या नियमाचा तोच बॉइल) कळवलं होतं की मजकूर जुळवणारा आणि प्रुफं समजून तपासणारा आमच्याकडे हा एकच माणूस आहे. एलियटला जे कबूल होतं, ते व्हिडिओवाल्यांना जड जातंय!

हसनामेसिटला, म्हणजे आजच्या ग्राफ्टनला, प्रिंटर आडनावाची निपमक घरं पुढच्या शतकातही होती. धंद्यावरून पडलेलं नाव, पण पोरानातवंडांनी मिरवलं. हे वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि 1709 मध्ये बोस्टनला त्याच भाषेत छापलेलं स्तोत्रांचं पुस्तक बघा. शीर्षकपानावर मुद्रक दोन: बी. ग्रीन आणि जे. प्रिंटर. बी. ग्रीन म्हणजे सॅम्युएलचा मुलगा. उमेदवारीला लागल्यापासून पन्नास वर्षांनी, मालकाच्या पोराच्या मांडीला मांडी लावून! वडिलांच्या शेठना हे दाखवलं असतं तर घाम फुटला असता.