पाच नावं निवडा, चेंडू मोजू नका

पलीकडच्या पेठेतल्या दोस्तानं रात्री साडेअकराला ग्रुपवर त्याचे बास्केटबॉलमधले सर्वकालीन पाच खेळाडू जाहीर केलेत. मॅजिक जॉन्सन, मायकेल जॉर्डन, लेब्रॉन जेम्स, टिम डंकन, करीम अब्दुल-जब्बार. खाली एकच ओळ: ‘हाय का कोण समोर?’ अट अशी की त्यानं घेतलेले तुम्हाला घेता येणार नाहीत. उरलेल्या इतिहासातून पाच उचलायचे आणि त्याला आस्मान दाखवायचं. पेठेची अब्रू पणाला लागली असताना विचार करत बसणं बरं दिसत नाही. खाली दिलेली पद्धत पाळा, दहा मिनिटांत संघ तयार होतो.

सगळ्यात आधी, सामना कुठल्या सालच्या नियमांनी खेळायचा हे अजिबात ठरू देऊ नका. समोरचा विचारेल, तेव्हा ‘आधी जेवलास का?’ असं विचारून विषय बदला. साल ठरलं की निम्मा निकाल ठरतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तीन गुणांची रेषा आली १९७९-८० च्या हंगामात. त्याआधीचं साल धरलं तर स्टीफन करीनं २४ फुटांवरून घातलेला चेंडू आणि करीमनं बास्केटखालून टाकलेला चेंडू, दोघांचे दोन-दोनच. झोन बचाव, म्हणजे माणसाऐवजी जागा राखणं, चालायला लागला २००१-०२ पासून. त्याआधी आपला माणूस सोडून मधल्या जागेत घुटमळलं की पंचाची शिट्टी. ड्रिबल करणाऱ्याच्या, म्हणजे चेंडू आपटत नेणाऱ्याच्या, कमरेला हात लावून त्याला हवं तिकडं वळवणं २००४-०५ पासून कडकपणे बंद केलं. हे सगळं मोकळं ठेवलं की ज्याला जो काळ सोसतो तो देता येतो. करीला आजचे नियम, त्याला अडवणाऱ्याला आजचेच, आणि तुमच्या सेंटरला, म्हणजे बास्केटखालच्या उंच गड्याला, १९६२ चे.

जुने सेंटर घेण्यात आणखी एक फायदा आहे. एनबीएनं ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेले शॉट, अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. बिल रसेल १३ हंगामांत ११ अजिंक्यपदं घेऊन १९६९ लाच निवृत्त झालेला. मग त्याचे ब्लॉक किती? तुम्ही म्हणाल तितके. ‘मॅचला पंधरा’ असं ठोकून द्या, पुरावा मागणाऱ्याला तो सापडणारच नाही.

पण रसेलला घेऊ नका. तो स्वतः फारसे गुण करायचा नाही. आपल्याला गुण करणारे हवेत, आणि फक्त तेच. म्हणून पहिलं नाव विल्ट चेंबरलेन: १९६१-६२ च्या हंगामात सामन्याला सरासरी ५०.४ गुण, त्यात २ मार्च १९६२ ला न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याचे १००. दुसरा कोबी ब्रायंट, २२ जानेवारी २००६ ला टोरंटोविरुद्ध ८१. तिसरा ॲलन आयव्हरसन. चौथा केव्हिन ड्युरंट. पाचवा शकील ओनील ऊर्फ शॅक, कारण संघात एक दांडगा असला की दोन का नकोत? पाचही जणांनी कधी ना कधी एका रात्रीत पन्नास ओलांडलेत. पाच पन्नास अडीचशे. समोरच्यांना उदार मनानं प्रत्येकी तीस द्या, दीडशे झाले. शंभरानं जिंकलात.

इथं एक गैरसोयीचा हिशोब आहे, तो कुणाच्या हाती लागू देऊ नका. विल्टनं त्या हंगामात सामन्याला ३९.५ शॉट मारले होते. कोबीनं २००५-०६ मध्ये २७.२. आयव्हरसननं २०००-०१ मध्ये २५.५. तिघांचे मिळून ९२ च्या वर. आजच्या पळापळीच्या खेळात अख्खा संघ सामन्यात मारतो साधारण ८८ ते ९० शॉट. म्हणजे ड्युरंट आणि शॅक या दोघांत मिळून वजा दोन ते चार शॉट उरतात. ते कसे मारायचे हे कुठल्याच प्रशिक्षकानं अजून शिकवलेलं नाही. शिवाय विल्टच्या काळात संघच सामन्याला शंभरावर शॉट मारायचे. दोन्हीकडून नुसती धाव, चुकलेला चेंडू उचलायचा आणि परत धाव. तो वेग काढून घेतला की त्याची पन्नासही आपोआप खाली येतात. त्या शंभराच्या रात्री त्यानं ६३ शॉट आणि ३२ फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे शॉट) घेतले होते, शेवटी शेवटी तर त्याच्या साथीदारांचं काम त्याच्या हातात चेंडू पोचवणं एवढंच उरलं होतं. कोबी हे काम आनंदानं करेल, अशी समजूत करून घ्या.

गंमत अशी की आव्हान देणारा हाच दोस्त कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत बसलेला असताना अकराच्या अकरा फॉरवर्ड उतरवले तर गॅलरीतून जे बोलेल ते इथं छापता येत नाही. फुटबॉलमध्ये त्याला हाफ कशाला लागतो, गोली कशाला लागतो, सगळं कळतं. बास्केटबॉल आला की तो खासबागेच्या कुस्ती मैदानात जाऊन बसतो. संघाला संघ लावत नाही, जोड लावतो: दोन गडी, मधे माती, बाहेर हलगी, आणि निकाली होईपर्यंत तिसऱ्यानं मधे यायचं नाही. तुम्हीही तसंच करा. विल्ट-करीम, शॅक-डंकन, ड्युरंट-लेब्रॉन, कोबी-जॉर्डन, आयव्हरसन-मॅजिक. पाच कुस्त्या, त्यातल्या तीन आपल्याकडं, विषय संपला.

बास्केटबॉलमध्ये तिसरा येतो, चौथाही येतो, तेवढं विसरा. आयव्हरसन सहा फूट, मॅजिक सहा फूट नऊ इंच. मॅजिक पाठ करून उभा राहणार आणि एकेका ड्रिबलला त्याला मागं रेटत नेणार. बास्केट आठ फुटांवर आली की आयव्हरसनच्या हातात काही उरत नाही, मदतीला कुणीतरी सरकावंच लागतं. शॅक डंकनला सोडून अर्धं पाऊल सरकला की चेंडू मॅजिकच्या खांद्यावरून डाव्या बाजूला डंकनकडं. तो घाई करत नाही. ४५ अंशांच्या कोनातून बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याला चेंडू टेकवतो, आणि शॅक परत वळेपर्यंत चेंडू जाळीतून खाली आलेला असतो. पुढच्या वेळी शॅक हललाच नाही तर मॅजिक स्वतःच टाकतो. ही कुस्ती एकट्या आयव्हरसननं हरलेली नाही, पण हलगीवाल्याला एवढा तपशील कोण सांगणार?

चेंडू तुमच्याकडं आल्यावर तर आणखी मजा. पेंट, म्हणजे बास्केटसमोरचा रंगवलेला पट्टा, १६ फूट रुंद, आणि विल्ट-शॅक दोघांनाही जागा तीच हवी, बास्केटच्या खाली, पाठ करून. एक उजवीकडं, एक डावीकडं. दोघांच्या मागं करीम आणि डंकन आयतेच उभे. त्यांना बाहेर यायचं कारणच नाही, कारण विल्टच्या काळात तीनची रेषा नव्हती आणि शॅकनं अख्ख्या कारकिर्दीत तीनचा एकच शॉट घातला. आयव्हरसन आपल्या माणसाला चकवून आत शिरला की समोर चार डोंगर, त्यातले दोन आपलेच. तो चेंडू बाहेर ड्युरंटला देईल असं तुम्ही म्हणाल. त्याआधी कोबी हात वर करून उभा असेल.

फ्री थ्रोचा विषय निघाला तर सरळ उठून पाणी प्यायला जा. विल्टचे कारकिर्दीतले ५१.१ टक्के, शॅकचे ५२.७. समोरच्यानं यातल्या कुणालाही मिठी मारली की दोन फ्री थ्रोंचा सरासरी एकच गुण हाती येतो. आजकालचा साधा हल्ला त्याहून जास्त देतो, म्हणजे फाउल करणं हाच त्यांच्या फायद्याचा धंदा. नियमानं थोडी दया दाखवलीय. प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांबच्या माणसाला मुद्दाम पकडलं तर एक फ्री थ्रो आणि वर चेंडू परत. तरीही ४८ पैकी ४० मिनिटं मिठ्या मारायला मोकळी. एक असा खेळाडू असता तर प्रशिक्षकानं त्याला बसवून ठेवला असता. तुम्ही दोन घेतलेत, एकाच वेळी.

याच सुमारास ग्रुपमधला कुणीतरी अतिशहाणा आपला संघ पुढं सरकवेल: करी, स्कॉटी पिपेन, कवाय लेनर्ड, लॅरी बर्ड, हकीम ओलाजुवान. त्याला बोलू देऊ नका, कारण तो मुद्द्याचं बोलतो. म्हणेल, समोरच्या पाचांत मॅजिक, डंकन आणि करीम या तिघांना तीनच्या रेषेवर मोकळं सोडलं तरी चालतं. करीमनं तर आयुष्यात १८ वेळा प्रयत्न करून तीनचा एकच घातला. त्यांचं सगळं दुकान आत आहे, तिथंच गर्दी करा. म्हणेल, मॅजिकला पिपेन लावा; १९९१ च्या अंतिम फेरीत पहिला सामना गेल्यावर शिकागोनं तेच केलं आणि मालिका ४-१ नं नेली. लेब्रॉनला लेनर्ड लावा, २०१४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तो उगाच झाला नाही. आणि करीमला आत बसूच देऊ नका. करीला २४ फुटांवर चेंडू द्या, हकीमला त्याच्यासाठी स्क्रीन लावायला, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायला, पाठवा. करीम बाहेर आला तर आतलं दार उघडं, नाही आला तर एका हंगामात तीनचे ४०२ घालणारा माणूस मोकळा. डंकन बर्डला जड जाईल हे तो स्वतःहून कबूलही करेल. वर म्हणेल, डंकनलाही बर्डच्या मागं रेषेवर यावं लागेल की.

‘आणि जॉर्डनला कोण धरणार, मर्दा?’ हा तुमचा हुकमी सवाल. त्यावरही त्याच्याकडं उत्तर आहे: कुणीच नाही. २० एप्रिल १९८६ ला जॉर्डननं बोस्टनमध्ये ६३ गुण केले, आणि दोनदा जादा वेळ खेळून सामना बोस्टननं १३५-१३१ असा जिंकला. जॉर्डनला करू द्या, बाकीच्या चौघांना उपाशी ठेवा.

संघ बरा आहे. पण पावणेबारा वाजता पिपेनच्या नावावर कोण शिट्टी मारतो? लेनर्ड तर स्वतःच्या विजयावरही धड हसत नाही. असल्या संघावर स्टेटस ठेवता येत नाही, म्हणून तो फेटाळा.

काही जुनी प्रकरणं निघतील, त्यांची तयारी ठेवा. २००३-०४ चा लेकर्स संघ: शॅक आणि कोबी होतेच, जोडीला अजिंक्यपदासाठी कार्ल मलोन आणि गॅरी पेटन आले. चार मोठी नावं, आणि अंतिम फेरीत डेट्रॉइटनं ४-१ नं घरी पाठवलं. त्या डेट्रॉइटचा सेंटर बेन वॉलेस याला तर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीही उचलला नव्हता. यावर ‘मलोनचा गुडघा गेला होता’ म्हणा. ते खरंही आहे. त्याच उन्हाळ्यात अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिका प्वेर्तो रिकोकडून ९२-७३ अशी हरली. प्वेर्तो रिकोनं झोन लावून पेंट भरून टाकला, अमेरिकेला बाहेरून नेम लागेना. यावर काही बोलू नका, चहा मागवा. आणि अमेरिकेच्या १९९२ च्या ऑलिंपिक संघाचं, म्हणजे ड्रीम टीमचं, नाव तुम्हीच आधी घ्या, म्हणजे ऑलिंपिकआधीच्या सरावात कॉलेजच्या पोरांनी तिला हरवलं होतं हे दुसऱ्याला आठवायला वेळ मिळत नाही.

बाकावर कोण, प्रशिक्षक कोण, शॅकला चार फाउल झाल्यावर कोण येणार, या गोष्टींना सर्वकालीन संघात जागा नसते. एकच जागा रिकामी ठेवा, मॅनेजरची, आणि तिथं स्वतःचं नाव टाका.

आता निकाल. हा सामना कुठंच होणार नसल्यामुळे निकाल पोलवर लागतो, आणि सरावाचा सगळा वेळ पोलवरच घालवायचा असतो. बाराच्या आत तालमीतली पोरं, दोन मावसभाऊ, पुण्याला नोकरीला गेलेले चौघं, एवढ्यांना लिंक जायला हवी. करीम कोण हे त्यांना सांगू नका, गोंधळतील. वरून तिसऱ्या नावावर बोट ठेवा, एवढं पुरतं. फ्लेक्सची फाइल मात्र पोल चालू असतानाच बनवून ठेवा. सहा बाय चारचा पुरतो, पाचही जणांना भगवे फेटे, मागं रंकाळा. विल्ट सात फूट एक इंच असल्यानं त्याचा फेटा हटकून चौकटीबाहेर जातो. अशा वेळी विल्टला गुडघ्यापासून कापा, पण खालच्या शुभेच्छुकांचे फोटो लहान करू नका. मतं त्यांची आहेत.