मावशी, ती सत्तर टक्के इम्युनिटी नाहीये गं

परवा रात्री साडेअकराला मावशीचा फोन. "अगं, ह्यांची इम्युनिटी सत्तर टक्के निघाली, केमो नको म्हणे!" काकांना फुप्फुसाचा कॅन्सर, रिपोर्टवर 'पीडी-एल१ टीपीएस ७०%', आणि भिशीच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: पीडी-एल१ हे इम्युनिटीचं प्रोटीन, जास्त असेल तर शरीर स्वतःच कॅन्सर मारतं, केमो टाळा, गुळवेलीचा काढा घ्या, निगेटिव्ह असेल तर उपचारांवर पैसे घालवू नका.

अरे काय लावलंय हे! ते ७० टक्के काकांचे नाहीत, गाठीचे आहेत. तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला तर कॅन्सरच्या दर १०० पेशींपैकी ७० पेशींवर हे प्रोटीन दिसलं, इतकंच. आणि ते करतं काय, तर मारायला आलेल्या टी-सेलवरचं (ही इम्युनिटीची लढाऊ पेशी) पीडी-१ नावाचं बटण दाबून तिला गप्प बसवतं. हे पीडी-१ जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजोंच्या लॅबने १९९२ मध्ये शोधलं, २०१८ चं नोबेल त्यांना आणि अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसनना मिळालं ते असले ब्रेक सोडवण्यासाठी, आणि इथे लोक ब्रेकलाच इंजिन समजून पेढे वाटतायत.

बरं, केमो टळू शकते हे अर्धं खरंय, मान्य. पण काढ्याने नाही, पेम्ब्रोलिझुमॅबच्या इंजेक्शनने, म्हणजे हाच पीडी-१ चा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाने. या इंजेक्शनची केमोशी तुलना करणाऱ्या कीनोट-०२४ ट्रायलमध्ये ५० टक्के किंवा जास्त पीडी-एल१ असलेलेच पेशंट होते, ५ वर्षांनी इंजेक्शनवाल्यांतले ३१.९ टक्के जिवंत होते आणि केमोवाल्यांतले १६.३. म्हणजे तिथेही दोन तृतीयांश गेलेच. शिवाय गाठीत ईजीएफआर किंवा एएलके या जीन्समधला बिघाड असलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, त्यांचा रस्ता वेगळा.

निगेटिव्हवाल्यांना घरी बसवणारा मुद्दा तर निव्वळ दुष्टपणा. केमोसोबत हेच इंजेक्शन दिलं तर पीडी-एल१ १ टक्क्याखाली असलेल्यांनाही फायदा झालाय.

आणि गुळवेल! ब्रेक सुटलेली इम्युनिटी कधीकधी लिव्हरवरच तुटून पडते, हा या इंजेक्शनचा माहीत असलेला साइड इफेक्ट. गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले ६ पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलेत (आयुषवाल्यांना ते पटलं नाही, ते असो). उद्या काकांचं एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) चढलं तर दोष इंजेक्शनला द्यायचा की काढ्याला? इंजेक्शन थांबवावं लागलं तर?

काकांचा ईजीएफआरचा रिपोर्ट अजून यायचाय. मी काल गेले तर काढा उकळून गाळूनसुद्धा ठेवलेला, सिंकमध्ये ओतला. मावशी अजून बोलत नाहीये.