एआय विकत घेण्याआधी ‘शेतकऱ्याचा असूड’ शोधून पाहा

आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथसूची, उघडा आणि महात्मा फुल्यांचं १८८३ सालचं ‘शेतकऱ्याचा असूड’ शोधा. मग ‘आसूड’ लिहून शोधा. मग ‘शेतकऱ्यांचा’, अनुस्वार देऊन. दर वेळी तीच आणि तेवढीच पुस्तकं समोर आली, तर तिथे कुणीतरी मनापासून काम केलंय असं समजा. एकदा चार प्रती, एकदा एक आणि एकदा काहीच नाही असं झालं, तर त्या ग्रंथालयाने एआयवर पैसे खर्च करायची वेळ अजून आलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

या एका नावात तीन जागी दोन-दोन रूपं संभवतात. असूड-आसूड ही एक, शेतकऱ्याचा-शेतकऱ्यांचा ही दुसरी, आणि तिसरी डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’ संगणकावर दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्याला हलन्त आणि पुढे ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि पुढे ‘या’. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र दोन निराळे शब्द. म्हणजे एका पुस्तकाची आठ नावं झाली. त्यात डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ते न दिसणारं चिन्ह गळलं, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि त्याला एआय लागत नाही. मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या ठरलेल्या साच्यात ग्रंथनामाच्या पर्यायी रूपांसाठी २४६ हे क्षेत्र, म्हणजे रकाना, आहे, ते भरा. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल आणि इंडेक्सिंग झेब्रा या त्याच्या शोधयंत्रणेवर असेल, तर ते युनिकोड नीट हाताळणाऱ्या आयसीयू पद्धतीवर आणा. ‘ऱ्य’ची दोन्ही रूपं नोंद साठवताना आणि वाचकाचा शोधशब्द घेताना, अशी दोन्हीकडे एकाच रूपात आणा. एकाच बाजूला केलं तर गोंधळ वाढतो. क्षेत्र ००८ मधल्या ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा संकेत असतो. तिथे टेम्प्लेटमधला इंग्रजीचा संकेत तसाच राहिला असेल, तर भाषेची गाळणी लावताच ते मराठी पुस्तक यादीतून गायब.

आता एआयचा याच्याशी संबंध काय? ग्रंथालयांना विकली जाणारी बहुतेक साधनं दोन टप्प्यांत चालतात. आधी प्रश्नाशी जुळणारे मजकुराचे तुकडे साठ्यातून काढायचे, मग ते भाषा-मॉडेलपुढे ठेवून उत्तर लिहून घ्यायचं. पहिल्या टप्प्यात चुकीचा तुकडा आला किंवा आलाच नाही, तरी दुसरा टप्पा थांबत नाही. तो सफाईदार मराठीत काहीतरी लिहितोच. ओपॅक ‘काही सापडलं नाही’ म्हणतो तेव्हा वाचकाला निदान पत्ता लागतो की गाडी अडली. इथे तो पत्ताच लागत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

प्रबंधांचं उदाहरण घ्या. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि त्यांत मराठीतलेही भरपूर आहेत. त्यातला युनिकोडपूर्व काळातला एखादा उघडा, एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हांचा सडा पडेल. तुम्हाला पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण यंत्राच्या हाती तो सडाच लागतो. अशी फाइल एआयला देऊन ‘सारांश दे’ म्हटलं, तर ते शीर्षकावरून आणि सर्वसाधारण माहितीवरून सारांश रचू शकतं. आणखी एक अडचण म्हणजे शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो. एकच प्रकरण दिलं तर संदर्भसूची दुसऱ्या फाइलमध्ये राहते, आणि तळटीपेतल्या ‘उनि’, ‘तत्रैव’ अशा, आधीच्या संदर्भाकडे बोट दाखवणाऱ्या खुणांचा अर्थ यंत्र अंदाजाने लावतं.

जुन्या फॉन्टच्या फाइलींना फॉन्ट कन्व्हर्टर लावावा, पण जोडाक्षरं आणि रफार तपासूनच पुढे जावं. तेही जमत नसेल तर पानं चित्र म्हणून काढून त्यांवर ओसीआर करावं, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घ्यावीत. स्कॅन किमान ३०० डीपीआय, बारीक टाइप असेल तर ४००. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरला मराठीचा स्वतंत्र भाषासंच आहे. तो सोडून हिंदीचा लावला तर ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांवर जास्त चुका होतात. ‘९८ टक्के अचूक’ या शब्दांवर मात्र कुणी भुलू नये. ही टक्केवारी अक्षरांची असते. सरासरी सहा अक्षरचिन्हांचा शब्द धरला, तर ९८ टक्के अचूकतेत दर नऊ शब्दांमागे एक शब्द चुकतो. वाचणाऱ्या माणसाला ते चालतं, शोधणाऱ्या यंत्राला चालत नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत तर ‘कांहीं’, ‘नांव’, ‘केलें’ असतं. तिथे अचूक ओसीआर केलं तरी ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ सापडत नाही. म्हणून मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी आधुनिक लेखनाचा दुसरा थर तयार करावा लागतो. मूळ मजकूर ‘सुधारून’ टाकू नये. तो पुरावा आहे.

ओसीआरची चूक किती दूर जाते, याचं उदाहरण इंग्रजीतलं आहे. १९५० च्या दशकातल्या ‘बॅक्टेरियॉलॉजिकल रिव्ह्यूज’मधला, दोन स्तंभांत छापलेला एक लेख स्कॅन झाला. डाव्या स्तंभातला ‘व्हेजिटेटिव्ह’ उजव्या स्तंभातल्या ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ला जाऊन चिकटला. या शब्दसमूहाला काहीही अर्थ नाही. तरी पुढे तो अनेक शोधनिबंधांत छापून आला आणि एआय मॉडेलांच्याही तोंडी बसला. फारसीतून भाषांतर करताना एका नुक्त्याच्या फरकानेही तोच शब्दसमूह तयार होतो, हेही अभ्यासकांनी दाखवलं. आपल्याकडे तर अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ आहेत.

नावांचा गोंधळही असाच. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे थोरले बंधू, संस्कृतचे पंडित वैजनाथ काशिनाथ राजवाडे. रोमन लिपीत दोघेही ‘व्ही. के. राजवाडे’! एका भावाचं लेखन दुसऱ्याच्या नावावर टाकायला यंत्राला क्षण लागत नाही. इथे उपयोगी पडते ती ग्रंथपालांनी केलेली प्रमाणित नामसूची. पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, देवनागरी आणि रोमन रूपं, आणि जोडून मार्कमधलं ८८० हे क्षेत्र, म्हणजे तीच माहिती दुसऱ्या लिपीत. कंटाळवाणं काम आहे, पण ते झालं नाही तर वरचं कुठलंही साधन दोन भावांना वेगळं करू शकत नाही.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी शिक्षणसंस्थांना शोधनियतकालिकं खुली करणारी केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. मराठीचं दप्तर मात्र त्यात नाही. ते आपल्याच कपाटांत आहे आणि आपल्यालाच नीट लावावं लागणार आहे. या नियतकालिकांतल्या पीडीएफ घाऊक उतरवून बाहेरच्या एआय साधनांत टाकण्याआधी परवान्याची अट ग्रंथपालांना विचारा. एकाच आयपीवरून धडाधड डाउनलोड झालं, तर प्रकाशक संपूर्ण कॅम्पसचा प्रवेश रोखू शकतो.

पीएचडी करणाऱ्यांनी संदर्भांबाबत एक शिस्त पाळावी. एआयने दिलेला संदर्भ ही फक्त खबर आहे. संदर्भाचा साचा ठरलेला असतो, त्यामुळे खरा वाटेल असा संदर्भ रचणं भाषा-मॉडेलला सोपं जातं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल क्रमांक, असेल तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाका. तो उघडला एवढ्यावर समाधान मानू नका, उघडलेल्या लेखाचं शीर्षक आणि लेखक जुळतात का ते बघा. खरा डीओआय आणि भलताच लेख, हे सर्रास होतं. डीओआय नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून क्रॉसरेफ या शोधलेखांच्या नोंदींच्या ऑनलाइन साठ्यात शोधा. लेख मागे घेतला गेलाय का, हेही तिथेच बघा. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटा २०२३ पासून क्रॉसरेफकडे आणि सर्वांना खुला आहे. मग तो लेख मिळवा आणि ज्या विधानासाठी तुम्ही तो देताय, ते विधान कुठल्या पानावर आहे ते स्वतः वाचा. पान सापडलं नाही तर संदर्भ काढून टाका.

जुन्या मराठी पुस्तकांना डीओआय नसतोच. १८०० ते १९५० या काळातलं पुस्तक असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. ‘दाते सूची’त नोंद नाही आणि कुठल्याही मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेत नाही, तर ते पुस्तक एआयच्या कल्पनेतलं असण्याची शक्यता दाट. सालही तपासा. मुखपृष्ठावर शके १८२० असेल तर ७८ मिळवून १८९८-९९ येतं. यंत्र कधी शकाला इसवी सन समजतं, कधी संवत मानून ५७ वजा करतं.

गाईड आणि विभागप्रमुखांना एकच सांगणं. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांतले १०, ४० आणि ६० टक्क्यांचे टप्पे हे मजकुरातल्या साम्याचे आहेत. एआय-डिटेक्टरच्या आकड्याशी त्यांची गल्लत करू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात डिटेक्टरना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध दिले, तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध चुकून ‘एआयने लिहिलेले’ ठरले. त्याच वर्षी ओपनएआयने अचूकता कमी म्हणून स्वतःचा डिटेक्टर मागे घेतला. इंग्रजीत साधी, मोजकी वाक्यं लिहिणाऱ्या खेड्यातल्या मुलीचा प्रबंध अशा आकड्यावर अडवणं हा अन्याय आहे. तिला समोर बसवा आणि तिच्या टिपणवह्या बघा.

तरीही एआय साधन घ्यायचंच असेल, तर निविदेआधी आपल्याच संग्रहावर पन्नास प्रश्नांची चाचणी लावा. प्रश्न ग्रंथपालांनी काढावेत आणि उत्तरं आधीच पानांसकट लिहून ठेवावीत. दहा प्रश्न जुन्या लेखनातले, दहा ‘ऱ्य’ आणि ‘ळ’चे, दहा सारख्या नावांच्या लेखकांचे, दहा नेहमीचे. उरलेले दहा अशा पुस्तकांचे, जी तुमच्याकडे नाहीतच. या शेवटच्या दहांना विक्रेत्याचं यंत्र किती वेळा ‘आमच्याकडे नाही’ म्हणतं, तो आकडा निविदेच्या तक्त्यात किमतीच्या शेजारच्या रकान्यात लिहा.