टीव्हीवरची चंगाई आणि घरातल्या गोळ्या

विदर्भातल्या खेड्यांत चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याच्या ख्रिस्ती कार्यक्रमांच्या क्लिपा मोबाइलवर येतात, त्यांच्याखाली साधारण एकच मजकूर असतो: "कार्यक्रम टीव्हीवर लागतो, सरकारची परवानगी आहे. साक्षी डोळ्यांदेखत आहेत. पडद्याला हात लावून प्रार्थना करा, आजार गेला असं धरा, गोळ्या बंद करा. बीज पेरा, शंभरपट मिळेल. शंका घेणारा प्रभूचा विरोधक." प्रार्थनेशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते गोळ्या बंद करायला सांगण्याशी आणि गरिबाकडून पैसे काढण्याशी.

"सरकारची परवानगी आहे." ही परवानगी वाहिनीला असते. सिनेमाला आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, टीव्हीवरच्या प्रवचनाला लागत नाही. प्रवचनाची वेळ बहुतेकदा प्रचारकाची संस्थाच विकत घेते. चित्रण तिचं, काटछाटही तिची. ही पद्धत अमेरिकेत रुजली. तिथल्या प्रसारण आयोगाने 1960 मध्ये पैसे घेऊन दाखवलेले धार्मिक कार्यक्रमही वाहिन्यांच्या लोकसेवेच्या हिशेबात धरायला सुरुवात केली आणि पडद्यावरून देणग्या उभारू शकणारे प्रचारक पुढे गेले. आपल्याकडे केबल टीव्ही नियमावली 1994 च्या नियम 6 प्रमाणे अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवायला मनाईच आहे. तक्रार आधी वाहिनीकडे करायची. 2021 च्या दुरुस्तीनुसार तिने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहून ठेवा, नाहीतर तक्रार तिथेच अडते.

"साक्षी डोळ्यांदेखत आहेत." अमेरिकेतले पीटर पोपॉफ हे प्रचारक सभेत अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार सांगत. 1986 मध्ये अशा दाव्यांचं पितळ उघडं पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांच्या पथकाने रेडिओ स्कॅनर लावला, तेव्हा 39.17 मेगाहर्ट्झवर पोपॉफ यांच्या पत्नीचा आवाज सापडला. लोकांनी सभेआधी भरलेल्या प्रार्थना-चिठ्ठ्यांमधली माहिती त्या नवऱ्याच्या कानातल्या यंत्रावर सांगत होत्या. सगळेच प्रचारक असे नसतात. पण फसवणूक नसतानाही साक्ष चुकू शकते आणि आपल्या भागात ती चुकते सिकलसेल या रक्ताच्या आजारात.

सिकलसेलचं दुखणं लाटेसारखं येतं. उन्हातली मजुरी, पाणी कमी पिणं, थंडी किंवा ताप यांमुळे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांत अडकतात. हातपाय, पाठ, छाती असह्य ठणकते आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरते. प्रार्थना केली जाते ती दुखणं टोकाला असताना. पुढे ते उतरतं आणि साक्ष तयार होते. आजार मात्र जन्मजात आहे. 'एसएस' म्हणजे सिकलसेलचा आजार असल्याचा रिपोर्ट आलेल्या माणसाची इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी पुन्हा केली, तरी 'एसएस'च येतं. चंगाईची खात्रीच करायची असेल तर ही तपासणी करा. हायड्रॉक्सियुरिया ही गोळी रोज घेतल्याने दुखण्याच्या लाटा कमी होतात, पण तो गुण दिसायला काही महिने जातात. साक्षीनंतर गोळी सुटली की हा गुण हळूहळू ओसरतो आणि पुढची लाट जोरात येऊ शकते. तेव्हा रुग्णालाच ऐकावं लागतं की तुझा विश्वास कमी पडला. हे फार क्रूर आहे.

"गोळ्या बंद करा." टीबीच्या औषधाने दोन-चार आठवड्यांत खोकला-ताप उतरतो, पण जंतू शिल्लक असतात, साधारण सहा महिन्यांचा कोर्स मध्येच तोडला तर ते औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. फिटची गोळी एकदम सोडली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. साप चावल्यावर काही वेळा विष अंगात गेलेलंच नसतं आणि श्रेय प्रार्थनेला मिळतं. पुढच्या वेळी मण्यार असते. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. हा कायदा विधिमंडळाने नागपूरच्याच अधिवेशनात मंजूर केला. कुणाला इजा किंवा आर्थिक नुकसान न करणाऱ्या चर्चमधल्या उपासनेला तो हात लावत नाही.

"बीज पेरा." म्हणजे देणगी द्या. पण पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे देवाचं वचन, असं लूकच्या शुभवर्तमानात (8:11) प्रभूनेच सांगितलंय. तिथे पैशाचा विषय नाही. जूनमध्ये कृषी केंद्राची उधारी डोक्यावर असताना हे आवाहन कानी पडलं तर कपाशीच्या बियाण्याचे पैसे त्यात जाऊ देऊ नका. दानच करायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. यूपीआयवर पिन टाकण्याआधी येणारं नाव वाचा. संस्थेऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं तर थांबा. फसवणूक झालीच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

"शंका घेणारा विरोधक." पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लूकला प्रिय वैद्य म्हटलंय. अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं तेही ख्रिस्ती मिशननेच. औषध देणं या मंडळींच्या सेवेतच होतं. टीव्ही पाहून गावंच्या गावं बाटली, हा उलट बाजूचा मजकूरही तितकाच खोटा: जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती 2001 मध्ये सुमारे 10.58 लाख होते, 2011 मध्ये 10.80 लाख, लोकसंख्येतला वाटा उलट घटला.

घरात कुणी गोळ्या सोडल्याच असतील तर प्रार्थनेवरून वाद घालू नका. औषधाचं पाकीट आणि शेवटची गोळी घेतल्याची तारीख घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. टीबीचा कोर्स कुठून सुरू करायचा हे डॉक्टरच ठरवतात. मंडळीच्या पाळकांना सोबत नेता आलं तर जरूर न्या, बऱ्याचदा रुग्ण त्यांचंच ऐकतो.